छपराची झोपून घेतलेली परीक्षा

माणसाची खरी ओळख त्याच्या छपरावरून होते, असं माझं ठाम मत आहे. भिंती काय, रागाच्या भरातही उभ्या करता येतात. जमीन तर आधीपासून असतेच. छप्पर मात्र विचार करून निवडावं लागतं, आणि विचार करणं हेच माणसाला जनावरापासून वेगळं करतं. हे सगळं मी भाचीला एका दमात ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, ऊठ जरा. तू नमुन्यांवर बसलायस."

मी उठलो. माझ्याखाली चार कौलं होती. आता पाच होती.

ही भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची, एकुलती एक लेक. व्यवसायाने आर्किटेक्ट. आजवर ती लोकांची घरं सावरत होती, आता आईबापांच्या घराची पाळी आली होती. पुढच्या तीन खोल्या जुन्या, कौलारू. त्या होत्या तशाच ठेवून दुरुस्त करायच्या होत्या. मागे ताई आणि दाजींना निजायला एक नवी खोली होत होती. तिच्या भिंती पुऱ्या झाल्या होत्या आणि काम छपरापाशी येऊन अडलं होतं.

जुन्या भागाचं लगेच ठरलं. कौलं उतरवायची, एकेक वाजवून बघायचं, खणखणीत वाजतील ती रस्त्याकडच्या उतारावर चढवायची, बद्द वाजतील ती काढून टाकायची, आणि पडलेली तूट मागच्या बाजूला नव्या कौलांनी भरून काढायची.

"म्हणजे जुने नट पुढे आणि नवे मागे गर्दीत," दाजी म्हणाले. "योग्य आहे."

वाजवून बघण्याचं काम अर्थातच दाजींकडे गेलं, कारण दाजी आवाजातले. नाटक कंपनीत त्यांनी उभी हयात मेघगर्जना केली. विंगेत एक उंच पत्रा टांगलेला असे. दाजी त्याचं खालचं टोक धरून तो असा हलवत, की पहिल्या रांगेतली माणसं छत्री चाचपत. राजा मेला, की दाजी. नायिका घर सोडून निघाली, की दाजी. पुढे कंपनी दिवाणखान्यातली नाटकं करू लागली तेव्हा ते फार खिन्न झाले. सोफ्यावर बसून भांडणाऱ्या माणसांना वीज लागते कशाला? तरी एका प्रयोगात चहाचा कप फुटला तेव्हा त्यांनी संधी साधून गडगडाट करून घेतला. दिग्दर्शक बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता.

तर दाजींनी एकेक कौल कानाशी धरलं, बोटाच्या पेराने ठोकलं, डोळे मिटले आणि प्रत्येकाला "खणखणीत!" असा दाखला दिला. मी फोडलेल्या अर्ध्या कौलालाही दिला. दाजी चहाला आत गेले, की मिस्त्री तीच कौलं गुपचूप पुन्हा वाजवून घेई.

खरी गोष्ट अशी, की दाजींना ऐकू येईनासं झालं होतं. समोरून, मोठ्याने बोललेलं तेवढं कळे. बाकी सगळ्याला त्यांचं उत्तर एकच: "बरोबर आहे." यामुळे गल्लीत त्यांची फार समजूतदार माणूस म्हणून ख्याती झाली होती. एकदा शेजारचे दोघे भांडण घेऊन आले. दाजींनी दोघांनाही बरोबर ठरवलं आणि दोघेही समाधानाने घरी गेले.

घरात हे गुपित मला एकट्यालाच ठाऊक होतं. एके दिवशी सकाळी दाजींनी मला कोपऱ्यात घेतलं.

"काल रात्री पाऊस पडला का रे?"

"धो धो!" मी ओरडलो.

"अंगण ओलं दिसलं म्हणून विचारलं." मग अंगणाकडे बघत म्हणाले, "घरापर्यंत आला आणि मला न भेटताच गेला बघ."

मी कानाच्या यंत्राचं सुचवलं. ते म्हणाले, "निजताना काढून ठेवावं लागतं ते. आणि हा लेकाचा येतो रात्रीच." मग आवाज खाली आणला, म्हणजे त्यांच्या मते खाली. "नव्या खोलीवर पत्रा पडला ना, तर अजून येईल मला ऐकू. पण तुझ्या ताईला बोलायचं नाही. शपथ आहे तुला."

शपथ घेतल्यावर मी मुत्सद्द्यासारखा चेहरा करून घरभर वावरू लागलो.

नव्या खोलीवर काय घालायचं याची बैठक स्वयंपाकघरात झाली. भाची म्हणाली, "नवं ते नवंच दिसू दे. जुन्याची नक्कल केली तर ते सोंग होईल. स्लॅब घालता येईल. किंवा हे पॅनेल, दोन पत्र्यांच्या मध्ये जाड फोम भरलेलं. कौलं चालतील, पण सोंग न वाटेल अशी घालावी लागतील."

"मला झोप हवी," ताई म्हणाली. "बाकी वर काहीही घाला. गवत घाला."

"पत्रा," दाजी म्हणाले.

"बाबा, उन्हात भट्टी होईल!"

"बरोबर आहे. पत्रा."

"पावसात कान फुटतील!"

दाजींचे डोळे चमकले. "पत्राच!"

ताईने लाटणं खाली ठेवलं. "उभा जन्म पत्रा बडवला यांनी. सकाळी घरात सराव, संध्याकाळी प्रयोग. आता म्हातारपणी पत्र्याखाली निजवणार मला. सूड म्हणतात तो हा."

"बरोबर आहे," दाजी म्हणाले.

वाद वाढू नये म्हणून भाचीने शास्त्रीय तोडगा काढला: प्रत्येक छपराखाली झोपून बघायचं. अंगणात खाट टाकली. खाटेवर लाकडी चौकट उभी केली, तिच्यावर आळीपाळीने एकेक नमुना ठेवायचा आणि मिस्त्रीने शिडीवर चढून झारीने पाऊस पाडायचा. स्लॅबचा नमुना काही उचलून आणता येत नाही, म्हणून मिस्त्रीने गटारावरचं सिमेंटचं झाकण काढून आणलं. ताईने त्याच्याखाली झोपायला साफ नकार दिला आणि स्लॅब स्पर्धेतून बाद झाला.

कौलांखाली मी झोपलो. मोजकीच कौलं होती, एकमेकांवर नीट बसली नव्हती.

"मामा, आवाज कसा वाटला?"

"ओला," मी नाक पुसत म्हणालो.

मग पॅनेल. ताई आडवी झाली, मिस्त्रीने झारी वाकडी केली. ताईचा चेहरा बघता बघता सैल पडला. "अहाहा! पलीकडच्या घरात कुणी कुजबुजावं ना, तसं वाटतंय गं." झारी संपली तरी ती उठेना. हलवून उठवावं लागलं. भाचीने मिस्त्रीला मान डोलावली. निकाल जवळजवळ लागलाच होता. दाजींच्या तोंडावर दिवाणखान्यातल्या नाटकाच्या वेळची कळा आली होती.

"बाबा, तुम्हीही एकदा झोपून बघा," भाची त्यांच्यासमोर येऊन ओरडली. "नंतर तक्रार नको!"

दाजी पॅनेलखाली आडवे झाले. मिस्त्रीने भरलेली झारी सबंध ओतली. पॅनेलच्या मागच्या कडेने पाण्याचा पडदा खाली पडत होता. दाजी पोटावर हात ठेवून वर बघत होते, न्हाव्याकडे दाढीची पाळी यायची वाट बघावी तसे, निवांत.

"हं," ते म्हणाले. "करा सुरू."

मिस्त्री रिकामी झारी हातात धरून शिडीवर तसाच थांबला.

"अहो, करा की सुरू! किती वेळ झोपू?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी गटाराच्या झाकणाकडे पाहिलं.

ताईने पदर खोचला. "मिस्त्री," ती म्हणाली, "पत्रा चढवा वर."

पत्रा चढला. झारीची पहिली धार पडली तसे दाजी दचकले. मग त्यांनी डोळे मिटले. त्यांचा उजवा हात खाटेवरून आपोआप उचलला गेला आणि हवेत काहीतरी धरू लागला.

"हळू... हळू घे. नायिका दारात आलीय. थांब, तिला वळून बघू दे..." हात वर जाऊ लागला. "आता सोड! राजा मेला! राजा मेला!"

मिस्त्रीने जन्मात नाटक पाहिलं नव्हतं. पण त्याने झारी अशी उपडी केली, की तो स्वतः एक पायरी खाली आला. कुठला राजा मेला हे बघायला शेजारच्या भिंतीवरून डोकी वर आली.

"आई?" भाची म्हणाली.

"पत्रा," ताई म्हणाली.

"अगं पण तुझी झोप?"

"मला काय आज कळलं होय? कधीपासून हे माझं सगळं बरोबर म्हणतायत. कान शाबूत असलेला नवरा असं करतो का कधी?" मग माझ्याकडे वळून, "आणि हे आमचे बंधुराज! पोटात गुपित ठेवून असा फिरत होता, जणू मांजर गिळलंय. इतके दिवस मला वाटत होतं, हट्ट आहे यांचा. पत्रा कशाला हवा, ते नव्हतं कळलं."

दाजी उठून बसले होते. "काय ठरलं?"

ताई त्यांच्या कानाशी वाकली आणि ओरडली, "पत्रा!"

"बरोबर आहे," दाजी म्हणाले. या खेपेला त्यांना ऐकू आलं होतं.

पुढचं भाचीने निगुतीने केलं. आढं उंच घेतलं, पत्र्याला वरून पांढरा रंग दिला, दोन्ही कडांना वारा खेळायला फट ठेवली. आवाज अडेल असं खाली काहीही लावलं नाही. पुढच्या उतारावर जुनी कौलं चढली; त्यांत माझं अर्धं कौल नव्हतं, दाजींचा दाखला असूनही. भाचीच्या धंद्यातले एक गृहस्थ घर बघायला आले, नव्या खोलीत उभे राहिले आणि "साहित्याचा प्रामाणिकपणा" असं काहीतरी दोनदा म्हणाले. भाचीने त्यांना नाटकाचं सांगितलं नाही.

पाऊस मात्र लगेच आला नाही. दाजी रोज पत्र्याकडे बघत निजत आणि तसेच उठत. मग एका दुपारी, मी सहज गेलो असताना, तो आला. अगदी साधा पाऊस, कुणी दखल घेऊ नये असा. पण पत्र्यावर त्याचं सैन्य झालं. नव्या खोलीत ताई, दाजी आणि मी, तिघांचंही बोलणं तोंडातल्या तोंडात राहिलं. दाजी खाटेवर उताणे पडले होते, डोळे उघडे, उजवा हात हवेत.

"आला रे!" ते ओरडले. "भेटायला आला!"

अशा वेळी गप्प बसणं मला जमत नाही. मी उभा राहिलो, छातीवर हात ठेवला आणि सगळा जोर लावून म्हणालो, "ताई, माणसाची खरी ओळख त्याच्या..."

"उठलाच आहेस," दोन्ही कानांवर हात दाबून ताई ओरडली, "तर कपाटातून कापसाचे दोन बोळे दे!"