जेवणाच्या सुट्टीतली नोंद

आदेरितोला प्रशिक्षण या शब्दाचाच तिटकारा होता. एकतीस वर्षं विम्याची दलाली केलेल्या माणसाला वर्गात बसवून धोका म्हणजे काय ते शिकवायचं, ही त्याच्या मते शुद्ध थट्टा होती. सकाळी तो बायकोपुढे तसं बोललासुद्धा. बायको म्हणाली, "मग जाऊ नकोस. परवाना जाईल, घरी बसशील आणि दिवसभर माझं डोकं खाशील." तो निमूट टोपी घालून निघाला.

त्यातून यंदा हे सक्तीचे तास भरवावेत कुठे, तर फिर्मिनोच्या कारखान्यात! पोर्तुगालातल्या फेइराच्या आसपास बाटल्यांची बुचं करणारे कारखाने हवे तेवढे, पण शिकवणाऱ्या बाईंना नेमका हाच सापडला. फिर्मिनो म्हणजे आदेरितोचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाहून जास्त दोस्त. गेल्या महिन्यात बँकेचा एक चुणचुणीत माणूस त्याला भेटून गेला होता. विमा आमच्याकडे आणा, सगळं एका खिडकीवर करून देतो, म्हणाला होता. फिर्मिनोने त्याला कॉफी पाजून वाटेला लावलं. "आदेरितो असताना मला दुसरा कशाला?" पण तो गडी सोमवारी पुन्हा येणार होता. आज फिर्मिनोचं मन दुखावेल असं काही घडू नये, एवढंच आदेरितोला हवं होतं.

शिकवणारी नोएमिया पोर्तोहून आलेली, पस्तिशीची, आवाजाने खणखणीत. तिने बारा दलालांना कारखान्याच्या अंगणात उभं केलं.

"तुम्ही रोज विमा विकता. आज विकायचं नाही, आज फक्त बघायचं. हा कारखाना जळाला तर कशाने जळेल, ते शोधा, लिहा आणि दुपारी मालकांच्या तोंडावर वाचा."

"तोंडावर?" झुल्मिरा किंचाळलीच. ही शेजारच्या गावची दलाल, तोंडाने फटकळ.

"मग काय माझ्या? कारखाना माझा आहे का?"

सगळे कामाला लागले. अंगणात बुचाच्या झाडाच्या सालींच्या थप्प्या, पलीकडे साली उकळायच्या मोठ्या कढया, आत बुचं पाडायची यंत्रं आणि सगळीकडे तपकिरी भुकटी. दलाल मंडळी वाकून, टाचा उंचावून, कपाटांमागे डोकावून लिहीत होती. फिर्मिनो त्यांच्या मागे-मागे लग्नघरातल्या यजमानासारखा हिंडत होता. "लिहा, लिहा! काही सोडू नका!"

साडेबाराला घंटा झाली. जेवण बुचं निवडायच्या खोलीत होतं, कारण तिथलं टेबल लांबलचक. वीस बाया तिथे रोज बुचं पारखायला बसतात. त्या सरकल्या आणि पाहुण्यांना जागा झाली. पाव आला, ऑलिव्ह आले, दाट सूप आलं. वह्या मिटून खुर्च्यांखाली गेल्या. आमच्याकडचा दलाल वाढलेल्या ताटापुढे वही उघडी ठेवत नाही; तसं करणं म्हणजे यजमानाचा अपमान.

मग फिर्मिनो स्वतः मातीचं पसरट भांडं घेऊन आला. त्यात डुकराच्या मांसाचं लालभडक सॉसेज, म्हणजे शोरिसो, खाली द्राक्षांच्या चोथ्याची कडक दारू. त्याने काडी ओढली. निळा जाळ हातभर उठला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आदेरितो, चल! तुझा मान!"

दरवर्षी विमा नव्याने करताना इथे असंच जेवण व्हायचं, आणि जाळावरचा शोरिसो उलटायचा मान आदेरितोचा. फिर्मिनोचा बाप होता तेव्हापासूनचा. त्याने काटा घेतला, शोरिसो उलटला आणि सहज वर पाहिलं. तुळयांवर बुचांची बोटभर भुकटी साचलेली, एका ठिणगीने भडका उडेल अशी. उष्णतेने तिच्यातली चिमूटभर सुटून खाली येत होती. तीन हातांवर बुचांची पोती छताला भिडलेली. हे त्याला आजच दिसलं असं नाही. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षीही दिसलं होतं. पण मानाच्या पाहुण्याने वर बघायचं नसतं, म्हणून त्याने त्यानंतर कधी बघितलं नव्हतं.

शोरिसोचा तुकडा त्याने न चावता गालात धरून ठेवला.

"काय दादा, दात दुखतोय का?" झुल्मिराने विचारलं.

"खा गं तू," तो खेकसला.

जेवणानंतर लिहायला तासभर मिळाला आणि मग कचेरीत वाचन सुरू झालं. फिर्मिनो पहिल्या खुर्चीत पोटावर हात बांधून बसला. झुल्मिराने आग विझवायची नळकांडी कोटांमागे दडलेली आणि मुदत संपलेली शोधून काढली होती. "शाब्बास!" फिर्मिनो म्हणाला. कुणी सोललेली वायर, कुणी लाकडी फळ्यांनी अडलेलं मागचं दार. फिर्मिनो प्रत्येकाला मान डोलवत होता. अकरा जणांचं वाचून झालं. जेवणाच्या वेळेबद्दल एका शब्दानेही कुणी काही लिहिलं नव्हतं.

आदेरितोने उभं राहून एका कुलपाची किल्ली सापडत नाही, असं काहीतरी वाचलं आणि वही मिटली.

"झालं, सेन्योर आदेरितो?" नोएमियाने विचारलं.

"झालं." तो बसला. समोर निवडीच्या खोलीतल्या बाया दाराशी गर्दी करून ऐकत होत्या. त्यांच्याकडे बघवेना. सोमवारी बँकवाला आला तर येऊ दे, असं एकदा मनाशी म्हणून तो पुन्हा उभा राहिला.

"नाही झालं. अजून एक पान आहे."

त्याने वाचलं, तेही भराभर, मध्ये थांबलो तर राहून जाईल म्हणून. "साडेबारा वाजता निवडीच्या खोलीत, पोत्यांपासून तीन हातांवर, मालकांनी उघडा जाळ केला. वर तुळयांवर बोटभर भुकटी. आत वीस कामगार बाया आणि तेरा पाहुणे, उघडं दार एकच. जाळावर काटा धरून त्यांचाच विमा दलाल बसला होता."

फिर्मिनो कानापर्यंत लाल झाला.

"माझा बाप तिथेच करायचा शोरिसो," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला. त्यानेही मलाच काटा दिला होता."

"म्हणजे तेव्हापासून तुला माहीत होतं?"

"होतं."

फिर्मिनो ताडकन उठला. "अरे, मग मेल्या, बोलला का नाहीस? एकतीस वर्षं! निवडीवरच्या एमिलियाने मला दोनदा सांगितलं, मालक, वरती भुकटी आहे, भीती वाटते. मी म्हटलं, वेडी का तू? विम्याचा माणूस शेजारी बसून हसतोय, त्याला बघ! तुझ्याकडे बघून मी निर्धास्त होतो, आदेरितो. तुझ्याकडे बघून!"

आदेरितोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिऱ्हाईक जाईल म्हणून तो सकाळपासून घाबरत होता, आणि या माणसाने कागदावर नव्हे, त्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर विसंबून सगळा कारखाना सोडला होता. "चुकलं माझं," तो म्हणाला. "तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो."

"मग आता फार बरं वाटतंय का मला?"

दारातली एमिलिया फस्सकन हसली. तिच्या पाठोपाठ झुल्मिरा हसली, मग सगळेच. फिर्मिनोनेही हसू दाबून पाहिलं, पण त्याला ते जमलं नाही. त्याने डोळे पुसले आणि बायांना ओरडून सांगितलं, "उद्यापासून निवडीच्या खोलीत साधी काडीसुद्धा ओढायची नाही! मीसुद्धा नाही! आणि ती भुकटी काढल्याशिवाय काम सुरू होणार नाही. दिवसाची मजुरी मिळेल."

मग तो आदेरितोकडे वळला. "अजून काय काय बघून ठेवलंयस?"

"बरंच आहे."

"मग जातोस कुठे? बस. इतक्या वर्षांनी माझा दलाल आज कामावर रुजू झालाय, पहिल्याच दिवशी लवकर सुटायचं नाही."

आदेरितोने त्याच्या शेजारी खुर्ची ओढली, कोरं पान काढलं आणि छपरापासून सुरुवात केली.