ओट्याला वळसा

माझी बायको इव्होन आमच्या बोलोन्या शहरातला मोठा चौक कधी सरळ ओलांडत नाही. चौकाच्या मधोमध पायरीभर उंच फरसबंद ओटा आहे. पदवी हातात पडण्याआधी तो आरपार ओलांडला, तर ती कायमची हुकते, असं इथली शिकणारी सगळी पोरं मानतात. पोरांचं ठीक आहे. इव्होन बासष्टची झाली. वडिलांनी अंथरूण धरलं तेव्हा शेवटचा प्रबंध तेवढा अर्धा टाकून ती त्यांच्या तोर्तेल्लिनीच्या, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याच्या, दुकानात उभी राहिली, त्यालाही चाळीस वर्षं होत आली.

मी जन्मभर बस चालवली. उगाच वळसा घालणं माझ्या जिवावर येतं. आमचं लग्नसुद्धा याच चौकातल्या नगरपालिकेत लागलं. जुलैचं ऊन, फोटोवाला घामाघूम होऊन विनवतोय, ओट्याच्या मधोमध या, मागे सान पेत्रोनियोचं चर्च झकास येईल. बाईसाहेब जागच्या हलल्या नाहीत. अल्बममध्ये आम्ही एका खांबाला टेकून उभे आहोत आणि मागे कोणाची तरी सायकल आलीय.

मी म्हणायचो, खोड आहे, असते एकेकाला.

यंदा वसंतात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. अजून कुबडी घेऊन चालते. काल डॉक्टरांकडे निघालो, तर चौकात गटाराचं खोदकाम, जवळची कडेची वाट बंद. माझा दोस्त ग्वाल्तिएरो हात मागे बांधून मजुरांना फुकटचे सल्ले देत उभा होता. रिटायर झाल्यापासून त्याची हीच ड्यूटी.

"इव्होन, मधून जा की सरळ!" तो ओरडला. "या वयात तुला कोण पदवी द्यायला बसलंय?"

मी हसलो, नेहमीसारखा. इव्होन हसली नाही. ओट्याच्या कडेशी थांबून तिनं गुडघा चोळला.

"एर्मेस, मला त्या शापाबिपाची भीती नाही रे."

"मग इतकी वर्षं माझे पाय कशाला तोडलेस?"

"ज्या दिवशी मधून जाईन, त्या दिवशी शिक्षण सुटलं. वळसा घालून दुकानात जायचे ना, तेव्हा वाटायचं, अजून सुटलेलं नाही."

मी तिच्या गुडघ्याकडे बघितलं.

"पण ग्वाल्तिएरो खरं बोलतोय," ती म्हणाली. "आणि पायही दुखतोय. चल, मधूनच जाऊ."

तिनं कुबडी ओट्यावर टेकवली. याच गोष्टीसाठी मी तिला आयुष्यभर चिडवत आलो होतो. आता मीच तिचा दंड धरला.

"खाली घे ती."

"अरे, डॉक्टर वाट बघत असतील."

"बघू देत. तुझा तो प्रबंध कशावर होता?"

तिनं हनुवटीनं समोरचं चर्च दाखवलं. खाली संगमरवर, वर नुसत्या विटा. सहाशे वर्षं झाली, दर्शनी भिंत काही पुरी झाली नाही.

"ही भिंत अर्धवट का राहिली, त्यावर."

"मग झालं तर! भिंत आहे तशीच आहे. तुझा विषय कुठे शिळा झालाय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगायचं तर माझेही. तिनं कुबडी खाली घेतली.

"लांब पडेल," ती म्हणाली.

"पडू दे."

आम्ही दोघं पलीकडच्या कडेनं निघालो. मागून ग्वाल्तिएरो ओरडलाच, "एर्मेस, लेका, तुला कसली पदवी घ्यायचीय? शाळेत तर तुला बाकावर उभं करायचे!"

"तू तुझा खड्डा बघ!" मी म्हटलं.

कारंज्यापाशी इव्होन दम खायला थांबली.

"विद्यापीठाचं ऑफिस दुपारी उघडं असतं का रे?"

"डॉक्टरांकडून येताना बघू."

"म्हणजे परत हा सगळा वळसा."

"घालू की," मी म्हटलं आणि तिची पिशवी माझ्या खांद्यावर घेतली.