राखलेलं गायरान

कारेगावच्या मागच्या अंगाला, कंपन्यांना जाऊन उरलेल्या गायरानाची राखण सावळारामनं अंगावर घेतली, तेव्हा गावानं त्याला वेड्यात काढलं. घोंगड्या विणणाऱ्याला गवताची कसली उठाठेव! पण त्याचं गणित सरळ होतं. माळ उजाड झाला म्हणून काळी मेंढरं घटली, आणि लोकर नाही म्हणून माग थंड पडला. गवत आलं की मेंढरं येतील. मग कोकराच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर, जावळ, घेऊन एक घोंगडी विणायची आणि विणताना सुनेला, सुलक्षणाला, शेजारी बसवायचं. हात चालतायत तोवर हे व्हायला हवं होतं.

पहिल्याच वर्षी राहू गावाकडचा मेंढपाळ सर्जेराव नेहमीसारखा काळा कळप घेऊन आला. सावळाराम काठी घेऊन आडवा झाला.

"दोन पावसाळं थांब. बी पडू दे."

"तवर काय चारू, आबा?"

"बघ कुठं बी."

हट्टाला पेटलेला म्हातारा! सर्जेराव कळप वळवून गेला.

गवत मात्र खरंच आलं. कमरेएवढा पवना डुलायला लागला, चंडोल घरटी करू लागले. सावळाराम लहान पोरासारखा हरखला. त्यानं सर्जेरावाला सांगावा धाडला आणि सुनेला घेऊन बांधावर जाऊन उभा राहिला.

कळप आला तो पांढरा-तांबडा, उंच टांगांचा. सावळारामनं एकीच्या पाठीवर हात फिरवला. शेळीसारखे राठ, आखूड केस.

"काळी कुठंयत?"

"इकली, आबा." सर्जेरावाची मान खाली होती. "माळ बंद झाला तवा चाराच न्हवता. खाटकानं नेली समदी. ही मटणाची जात, गोठ्यात बी पोसती."

"एखादी तरी ठेवली आसशील?"

"न्हाई."

शेवटचा काळा कळप आपणच काठी दाखवून हाकलला होता, हे सावळारामला आत्ता उमगलं. कुणाला शिव्या द्याव्यात तर दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्याला स्वतःचीच किळस आली. त्यानं वाट अडवायला लावलेली बाभळीची काटेरी झापं ओढून बाजूला केली.

"सोड आत. खाऊ दे."

मेंढरं गवतावर तुटून पडली. सुलक्षणा हळूच म्हणाली, "मामंजी, मग मी शिकायचं कवा?"

सावळारामनं तिच्याकडं बघितलं नाही. म्हणाला, "सकाळी कंपनीच्या गेटावर जा. पॅकिंगला बाया घेत्यात म्हणं."