तिसऱ्या मजल्यावरची सायकल

मी एक जुनी सायकल आहे. मला मागचं चाक नाही आणि पुढचं जागच्या जागी फिरतं, तेव्हा मी कुठे कुठे हिंडले ते विचारू नका. ज्यांना जुनाट दम्याचा, धापेचा आजार आहे, त्यांना डॉक्टर माझ्यावर बसवतात. औषधानं छाती मोकळी होते, पण अंगातलं बळ बाटलीत मिळत नाही, ते हळूहळू हालचाल करूनच येतं. तेवढं माझं काम. पण ते मला करू दिलं असतं तर ना!

मित्रांनो, माझा जन्म बेंगळुरूत, राजाजीनगरच्या एका छोट्या कारखान्यात झाला. त्र्याण्णव साली जे. पी. नगरातल्या एका धर्मादाय इस्पितळानं मला घेतलं. नारळ फुटला, भाषणं झाली, आणि मला नेऊन ठेवलं कुठे? तिसऱ्या मजल्यावर! का, तर तिथे उजेड चांगला, फोटो छान येतो. लिफ्ट होती, पण ती स्ट्रेचरसाठी राखीव. म्हणजे ज्याला न्हाणीघरापर्यंत जाताना धाप लागते, त्यानं आधी तीन जिने चढायचे. कुणी चढून आलाच, तर वरची नर्स कपाळाला हात लावायची. "अय्यो, केवढी धाप लागलीय! आज व्यायाम नको. घरी जाऊन पडून राहा." झालं! आला तसा माणूस परत. कुणाला सांगायचं आणि काय सांगायचं!

व्यायाम शिकवणारी भार्गवी नागपूरहून नवीन आली होती. ती छातीच्या डॉक्टरांच्या, सुधींद्रांच्या मागे लागायची, "सर, सायकल खाली आणू या." ते म्हणायचे, "बघू. विभागाची पाटी वर आहे ना." पाटी वर, म्हणून मी वर. आणि रोगी बिचारे खाली.

अशात एकदा सोयराबाई आल्या. कॉटनपेठेतलं जुनं मराठी घर. लग्नाकार्यांत चुलीवर पंगतींचा स्वयंपाक करता करता बाईंच्या छातीत जन्माचा धूर साठला होता. दुसऱ्या जिन्यावर त्या मटकन खाली बसल्या. जिन्यात बोललेलं सगळं मला वर ऐकू यायचं. भार्गवी धावत गेली, तेव्हा श्वास जुळवत त्या म्हणाल्या, "पोरी, मला काही डोंगर चढायचा नाही गं. माझी वेणी माझ्या हातानं घालायची आहे. हात वर केला की जीव कासावीस होतो. सून घालते, गुणाची आहे. पण या वयात रोज दुसऱ्यापुढे मान खाली घालून बसायची लाज वाटते बघ."

त्यांचा मुलगा गुंडो शेजारी उभा होता. "आई, कशाला पाहिजे हे सगळं? तू हलू नकोस. मी आहे, तुझी सून आहे, पाणीसुद्धा हातात देतो की!" मुलगा सोन्यासारखा, पण मायेच्या माणसांनीच बाईंना खाटेवर बसवून ठेवलं होतं. बसून बसून पाय आणखी गळाले आणि धाप आणखी वाढली. गुंडो त्यांना घेऊन गेला. मी वर चडफडत राहिले.

माझ्यावर धूळ मात्र कधी बसली नाही हं! दर वर्षी खंडेनवमीला, इकडे तिला आयुधपूजा म्हणतात, मला गंध, कुंकू, झेंडूची माळ. वर्षभर कुणी पायडलला पाय लावायचा नाही आणि एक दिवस आरती! अशा मानाला काय जाळायचंय?

त्या वर्षीच्या आयुधपूजेला मात्र गंमत झाली. पूजेला येणारे भीमाचार्य घरी मराठीच बोलत. त्यांचे गुडघे दुखत होते. त्यांनी खालूनच बजावलं, "मी वर येणार नाही. यंत्रं पोर्चमध्ये आणा." आणि काय सांगू मित्रांनो, चहा संपायच्या आत चार वॉर्डबॉयनी मला उचलून खाली आणलं! रुग्णवाहिकेशेजारी उभी केली. आचार्यांच्या गुडघ्यांसाठी जे लगेच झालं, ते दमेकऱ्यांसाठी इतके दिवस होत नव्हतं. मी संतापानं नुसती धुमसत होते.

सोयराबाई त्याच दिवशी औषधाला आल्या होत्या. गुंडो खिडकीशी रांगेत होता. बाकावरून त्यांनी मला पाहिलं, पदर खोचला आणि सरळ येऊन माझ्या सीटला हात घातला.

"आज नाही, अक्का!" वॉर्डबॉय ओरडला. "पूजेच्या दिवशी यंत्र चालवत नाहीत."

"रोज तरी कुठे चालवता?" बाई कडाडल्या. मग थांबून श्वास घेतला. "हिला हळदकुंकू लावून बसवलीय, मलाही घरात तशीच बसवलीय. दोघी गंजून मरू काय?"

भीमाचार्यांनी हातातली घंटा खाली ठेवली. "सरी, बरोबर आहे तुमचं, अक्का. स्वल्प थांबा. आरती होऊ दे, मग खुशाल बसा. देवाला काही राग यायचा नाही."

आरती झाली, कोहळा फुटला. भार्गवीनं बाईंची नाडी पाहिली, त्यांना बसवलं आणि म्हणाली, "घाई नाही. गरम दुधावर फुंकर घालता ना, तसा श्वास सोडा." चाक फिरलं. धाप लागली. गुंडो औषधं टाकून धावला. "उतरवा तिला! काही झालं तर?"

"दादा, मी इथेच आहे," भार्गवी म्हणाली. "थोडा दम लागणारच. त्याला भिऊन बसल्या, म्हणूनच तर ही वेळ आली."

बाई थांबल्या, फुंकर घातली, श्वास जुळला. आणि पुन्हा पाय हलवले. त्या वजनानं माझी साखळी कुरकुरली. आनंदानं हो, दुसरं काय!

संध्याकाळी मला परत वर न्यायला निघाले, तर भार्गवी आडवी उभी राहिली. सुधींद्रांनी "बघू" म्हणायला तोंड उघडलं, आईला घेऊन अजून तिथेच थांबलेल्या गुंडोच्या आशेनं उजळलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पोर्चलगतची अडगळीची खोली रिकामी करायला सांगितली. पाटीसुद्धा खाली आली. काही मोडलं नाही, कोसळलं नाही.

सोयराबाई बसनं येत राहिल्या. मध्ये दोनदा आजारी पडल्या, चिडल्या, रडल्या, पुन्हा आल्या. संक्रांतीच्या सुमारास एक दिवस त्यांची वेणी एका बाजूला कललेली होती. भार्गवी सहज सारखी करायला गेली, तर बाईंनी तिचा हात झटकला. "राहू दे! वाकडी आहे, पण माझी आहे."

मित्रांनो, माझी माळ नको, कुंकू नको. तुमच्या घरी कुणाला दम लागत असेल, तर मायेनं त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नका. डॉक्टरांना विचारा, त्यांना हळूहळू चालतं करा. आणि माझी एखादी बहीण कुठे वरच्या मजल्यावर उजेडात बसलेली दिसली, तर कुणाचे गुडघे दुखायची वाट बघू नका. चौघं जमा आणि तिला आजच खाली आणा.