कमळाकरच्या घरचा अंगठा

सरकारनं काही फुकट दिलं, की कमळाकर आधी त्यात खोट शोधायचा. किन्हवलीजवळच्या त्याच्या गावात आरोग्य कार्डाचं शिबिर लागणार म्हटल्यावर त्यानं ग्रामसभेत तोफच डागली. "पाच लाखांचा इलाज फुकट? अरे, फुकट कोन देतो रे? आपल्याच कराचे पैशे विमा कंपनीच्या घशात! त्यापेक्षा इथल्या दवाखान्यात डॉक्टर बसवा. माझ्या घरातला एक अंगठा त्या मशीनवर पडनार नाय!" टाळ्या पडल्या. बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत.

कारण घरात त्याची बायको जनी पाण्याचा हंडा आणून ओटीवर टेकायची आणि धापा टाकत बसायची. कल्याणच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, हृदयाची झडप खराब झालीय, ऑपरेशन करा. खर्च तीन लाख. "बघू," म्हणाला कमळाकर. बघू बघू करत भात लावून झाला, कापूनही झाला.

मग जनी मुरबाडला माहेरी जाऊ लागली. महिन्यात तीनदा! कमळाकरच्या मनात पाल चुकचुकली. तिचा भाऊ गणू पडला कार्डवाल्या पार्टीचा, शिबिरात पुढं पुढं करणारा. आता या माणसानं बायकोची तब्येत विचारावी की नाही? छे! ती फोनवर काय कुजबुजते, एवढंच कान लावून ऐकत बसला. चौथ्या खेपेला तिनं पिशवी भरली, तेव्हा त्यानं ती ओढून उलटी केली. दोन साड्या, गोळ्या आणि पुढाऱ्याच्या फोटोचं कार्ड. जनीच्या नावाचं.

कमळाकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गणूनं फितवलं ना तुला? गावात माझं नाक कापलंस! रेशनकार्डाबिगर हे निघत नाय, माझं कधी चोरलंस?"

जनी खाली बसून गोळ्या गोळा करत होती. "चोरू कशाला? लगीन होऊन बावीस वर्सं झाली. माझं नाव इकडच्या कार्डावर चढवा, म्हनून किती येळा सांगितलं? तुमाला सभांतून टाइम नाय. नाव अजून माज्या बापाच्या कार्डावर हाय. त्यावरच निघालं."

कमळाकरनं हातातली रिकामी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "मला इचारायचं तरी."

"इचारलं असतं, तर तुमी नाय म्हनला असता. मी मेले असते, नि तुमी माज्या मरनावरबी सभेत भाषन केलं असतं." तिला धाप लागली. "झडपेचं तेवढं भ्या नाय वाटलं, जेवढं तुमचं वाटलं. उद्या ऑपरेशन हाय. गणू नेतोय."

ती निघाली. कमळाकर पायांत चपला अडकवून मागोमाग गेला, तिच्या पाठोपाठ एसटीत चढला. जनी खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर तिनं पिशवी ठेवली. तो बाजूला येऊन थांबला. तिनं पिशवी काही उचलली नाही. मुरबाड येईस्तोवर तो उभाच राहिला.