दोन कोशांच्या मधली खूण

मित्रांनो, मी एक जुनी खूण आहे. गणिताच्या वहीत तुम्ही मला पाहिले असेल. डावीकडे टोक, उजवीकडे उघडे तोंड आणि सोबत बरोबरीच्या दोन रेघा. 'लहान किंवा बरोबर' हा माझा अर्थ. वहीत माझे काम सोपे असते. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला पाच. मी मध्ये उभी राहते आणि 'हो' म्हणते. माझी ही गोष्ट मात्र वहीतली नव्हे, संगणकाच्या एका भाषेतली आहे. तिथे माझ्या दोन्ही बाजूंना नुसते आकडे नव्हते.

ही भाषा घडवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचे काम चाले. खाली हातोडीची ठकठक, वर कळफलकाची टकटक. ताईंनी आपल्या भाषेत 'कोश' नावाची एक वस्तू बनवली. शब्दकोशात जसा शब्द आणि त्याच्यासमोर अर्थ, तसे या कोशात एक नाव आणि त्याच्यासमोर त्याची नोंद. मोठी गुणाची वस्तू होती ती. मग प्रश्न आला, दोन कोशांच्या मध्ये कुणी मला उभे केले तर मी काय म्हणायचे?

ताईंनी त्यावर एक अख्खी दुपारही घालवली नाही. त्या म्हणाल्या, "ज्यात नोंदी कमी, तो लहान. सारख्याच असल्या तर नावं अक्षरांच्या क्रमाने बघायची. उत्तर आलं म्हणजे झालं."

उत्तर येत गेले. पाच-सहा वर्षे मी कुणालाही रिकाम्या हाती परत पाठवले नाही. लोक कौतुक करत, "वा, या भाषेत कोशसुद्धा रांगेत लावता येतात!" मीही हुरळून जाई. पण खरे सांगू? मनातून मला चुटपुट लागलेली असे. एका कोशात झाडांच्या उंच्या, दुसऱ्यात गाड्यांच्या वेळा, आणि मी नोंदी मोजून बेधडक सांगायची, 'हा लहान'. कशाने लहान, ते माझे मलाच ठाऊक नसे.

ताईंची धाकटी बहीण एका इस्पितळाच्या औषध विभागात होती. तिथला प्रोग्राम तिने याच भाषेत लिहिला होता. प्रत्येक रुग्णाचे दोन कोश असत. एक डॉक्टरांच्या यादीचा, ज्यात औषधाचे नाव आणि समोर दिवसाच्या गोळ्या. दुसरा तशाच नोंदींचा, पण पुडीत खरोखर भरलेल्या औषधांचा. एखादे औषध संपले असेल तर पुडीत ते नसले तरी चाले, ते मागाहून जाई. यादीबाहेरचे मात्र एकही नको. म्हणून धाकटीने पुडी डावीकडे ठेवली, यादी उजवीकडे ठेवली आणि मध्ये मला उभे केले. तिला विचारायचे होते, 'पुडी यादीत सामावली आहे ना?' मला ऐकू आले ते एवढेच, 'पुडीत नोंदी कमी आहेत ना?'

कित्येक महिने पुड्या नीटच भरल्या जात होत्या, त्यामुळे हा घोटाळा कुणाच्या ध्यानात आला नाही. एके सकाळी मात्र बारा नंबरच्या खाटेची गोळी अकरा नंबरच्या पुडीत पडली. अकरा नंबरवर एक वयस्क शिंपीकाका होते. त्यांच्या यादीत चार औषधे होती, पुडीत तीन, आणि त्या तिनांतली एक परकी. मी मोजले. तीन, चार. मी 'हो' म्हटले आणि पुडी वरच्या वॉर्डात गेली.

काकांनी गोळ्या तळहातावर घेतल्या. पाण्याचा पेला तोंडाशी नेणार, तोच सिस्टरांनी त्यांचे मनगट धरले.

"थांबा काका. ही पिवळी कुठून आली? माझ्या कागदावर नाही ही."

"आता संगणकाने पाठवलीय म्हटल्यावर असेल काहीतरी," काका म्हणाले.

"पाठवू दे. तुम्ही ती खाली ठेवा बघू."

ती साखर उतरवणारी गोळी होती आणि काकांना साखरेचा आजार नव्हता. घेतली असती तर ते चक्कर येऊन कोसळले असते.

दुपारी धाकटी जिना चढून ताईंच्या खोलीत आली. खांद्यावरची पर्ससुद्धा तिने उतरवली नाही.

"ताई, तुझी खूण खोटं बोलली."

सगळे ऐकून घेऊन ताई म्हणाल्या, "खोटं कसं? नोंदी मोजते, असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. तू वाचलं नाहीस."

"नाही वाचलं. माझी चूक, कबूल. पण मला सांग, माझ्या पर्समध्ये तीन वस्तू आणि तुझ्या पर्समध्ये चार. म्हणून काय माझं सगळं तुझ्या पर्समध्ये आलं?"

ताईंनी कळफलक बाजूला सारला. मग त्यांनी विचारले, "काका कसे आहेत?"

"मजेत आहेत. पेपर वाचतायत. सिस्टर होत्या म्हणून वाचलो आपण."

"ती खूणच काढून टाकू का?" ताई म्हणाल्या. "दोन कोश तंतोतंत सारखे आहेत की नाहीत, एवढं विचारता आलं तरी पुरे."

मित्रांनो, माझ्या तोंडचे पाणी पळाले. पण मला त्याहून मोठी भीती होती, ती जशी आहे तशीच राहण्याची. माझ्या भरवशावर उद्या आणखी कुणी पेला उचलला तर?

"काढू नकोस," धाकटी म्हणाली. "मला जे विचारायचं होतं तेच तिला शिकव."

पुढचे पंधरा दिवस ताई फळ्यावर कोशांच्या जोड्या लिहीत आणि पुसत होत्या. शेवटी त्यांनी ठरवले: डावीकडची प्रत्येक नोंद उजवीकडे जशीच्या तशी असेल तरच 'हो'. नोंदींचा क्रम कसाही असो. नाव तेच पण समोर एका गोळीऐवजी दोन असतील, तर 'नाही'.

"आणि कुणीच कुणात सामावत नसेल तर?" धाकटीने विचारले.

"तर कुठल्याही बाजूने विचार, 'नाही'. लहान नाही, मोठा नाही, सारखाही नाही."

"लोक बुचकळ्यात पडतील गं."

"पडू देत. मग मला फोन करतील. चुकीचं 'हो' मिळालं तर फोनसुद्धा करायचे नाहीत."

फोन आलाच. नकाशे काढणाऱ्या एका गृहस्थांचा.

"ताई, माझी सगळी रांग कोलमडली हो! प्रोग्राम म्हणतो, कशावरून रांग लावायची ते सांगा."

"मग सांगा ना. कशावरून लावायचीय?"

गृहस्थ हसायलाच लागले. "कमाल आहे. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं!"

इस्पितळात धाकटीने मुद्दाम एक चुकीची पुडी भरली. औषधे तीन, त्यातले एक परके. मला मध्ये उभे केले. मी नोंद न् नोंद पाहिली, दोन जुळल्या, तिसरी सापडली नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी अशा जागी 'नाही' म्हटले. पडद्यावर अक्षरे उमटली: पुडी थांबवा. धाकटी डोळे पुसत हसली. माझ्या उरावरची धोंड उतरली. ठोकून द्यायचे दिवस संपले होते.

सिस्टरांनी मान लांब करून पडदा पाहिला. "म्हणजे आता मी कागद बघायचा सोडू का?"

"मुळीच नाही," धाकटी म्हणाली. "तुमचा कागद आधी."

मला त्याचा जरासुद्धा राग आला नाही. उलट हायसे वाटले. चूक पकडायला आपल्या शेजारी आणखी कुणी उभे आहे, यासारखा आधार नाही.

आता मी म्हातारी झाले आहे. भाषेचे काम दुसऱ्यांच्या हाती गेले आहे आणि मला रोज बोलावणे येत नाही. पण मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या नवी भाषा घडवाल, नव्या खुणा बनवाल. माझे एवढे मागणे लक्षात ठेवा. आमच्यावर उत्तराची सक्ती करू नका. आम्हाला काय विचारले जाईल आणि आम्हाला काय ऐकू येईल, हे दोन्ही एकदा नीट पडताळा. त्या पंधरा दिवसांत ताईंचे कितीतरी खडू झिजले. पण त्यानंतरच्या आठवड्यात शिंपीकाका आपल्या पायांनी चालत घरी गेले, आणि जाताना सिस्टरांच्या कोटाचे लोंबते बटण पक्के शिवून गेले.