हातभर पाणी

आजीने तिसरी काडी वाळूत रोवली आणि घड्याळ पाहिलं. दोनला दहा कमी. दुसरी काडी रोवल्यापासूनच्या दहा मिनिटांत पाणी तिच्या पावलांनी तीन पावलं पुढे आलं होतं. दुपारची भरती पावणेतीनची. म्हणजे अडीचच्या आसपास ते तंबूच्या पुढच्या खुंट्यांना लागणार होतं.

तंबूत दोन्ही नातवंडं झोपली होती. निदान पाच वर्षांचा धाकटा तरी झोपला होता. नऊ वर्षांच्या त्याच्या बहिणीचा पाय मधूनच कापडावर थापट मारत होता.

आजोबा जरा वर, दगडावर बसून स्टोचं तोंड पिनेने साफ करत होते. बंदरात एकतीस वर्षं त्यांनी भरती-ओहोटीची नोंद ठेवली होती. या किनाऱ्यावर ते आधी मुलीला घेऊन येत, आता तिच्या मुलांना. तंबूची जागा ठरवायचं काम त्यांचं, आणि त्यात कोणी कधी तोंड घातलं नव्हतं. ते आधी बंदरातला त्या दिवशीचा आकडा मोठ्याने म्हणत. मग त्यात हातभर मिळवत, कारण इथे पाणी बंदरापेक्षा तेवढं जास्त चढतं. आणि मग पावलं मोजत वर जात.

आज सकाळी त्यांनी आकडा म्हटला आणि थेट पावलं मोजायला घेतली.

आजीचं आयुष्य इस्पितळाच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांचे आकडे दोनदा तपासण्यात गेलं होतं. तिला ते त्याच क्षणी कळलं. खुंट्यांची पिशवी तिच्याच हातात होती. त्यांनी हात पुढे केला आणि तिने पिशवी दिली.

दोन महिन्यांपूर्वी आजोबा धाकट्याला शाळेतून आणायला गेले होते आणि भलत्याच शाळेच्या फाटकाशी तासभर उभे राहिले होते. तेव्हापासून लेकीचा आवाज बदलला होता. या सुट्टीला तिने हो म्हटलं ते एका अटीवर: बाबांचं काही चुकलं तर आईने लगेच कळवायचं. मग ती येऊन मुलांना घेऊन जाईल, आणि पुढच्या वर्षीपासून हे बंद. आजीने कबूल केलं होतं.

दोन वाजता आजी उठली, गुडघ्यांवरची वाळू झटकली आणि दगडापाशी गेली.

"अहो, इथून मला नळ लांब पडतो. तंबू वर घेऊ या का?"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे ओळीत उभ्या असलेल्या तीन काड्यांकडे. पिन त्यांनी शर्टाच्या खिशाला टोचून ठेवली.

"घेऊ या," ते म्हणाले.

मुलांना उठवलं. नळ सकाळीही तिथेच होता, मग आजीला तो आत्ताच कसा लांब झाला, असं नातीने विचारलं. तंबू हलवला की रात्रीची स्वप्नं बदलतात का, हेही विचारलं. शंकासुरांनी आधी आपली उशी उचलावी, असं आजोबांनी सांगितलं. एरवी ते तिच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत.

चाळीस पावलं वर, घट्ट जमिनीवर, त्यांनी पुन्हा खुंट्या ठोकल्या. पावणेतीनला पाणी जुन्या जागेवर पसरलं आणि खुंट्यांची भोकं एकेक करून भरली, आधी पुढची, मग मागची. चौघंही उभे राहून बघत होते. आपलं घर बुडालं म्हणून धाकटा टाळ्या वाजवत होता. आजोबांचे ओठ हलत होते. ते काहीतरी मिळवत होते.

चार वाजता लेकीचा रोजचा फोन आला. काय सांगायचं ते आजीने ठरवून ठेवलं होतं: जेवण झालं, झोप झाली, ऊन बेताचं आहे. पण फोन आजोबांनी उचलला.

"तंबू मी चुकीच्या जागी ठोकला होता," ते म्हणाले. "हातभर मिळवायचं राहून गेलं. तुझ्या आईने हलवायला लावला. मुलं बरी आहेत."

मग ते बराच वेळ ऐकत राहिले, दोनदा हं म्हणाले आणि फोन आजीपुढे धरला. स्वतः तंबूच्या मागच्या दोऱ्या ताणायला गेले.

"आई, तुला कधी कळलं?"

दीड वाजता, असं सांगता आलं असतं.

"सकाळी," आजी म्हणाली. "ठोकायच्या आधीच."

"आणि तरी मुलांना आत झोपवलंस."

"मी बाहेरच बसले होते. काड्या लावून." मोठ्याने म्हटल्यावर ते तिला वाटलं होतं त्यापेक्षा फारच थोडं भरलं.

पलीकडे कुठलं तरी दार लागल्याचा आवाज आला.

"बाबांनी सांगितलं म्हणून कळलं मला," लेक म्हणाली. "तू सांगणार नव्हतीस."

आजीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी उद्या सकाळी येते."

"न्यायला?"

"आल्यावर बघू. वाटेतल्या खाडीतून गाडी निघायला हवी. पाणी सगळ्यात कमी किती वाजता असेल?"

आजीने बोटांवर मोजलं. पावणेतीनची भरती, सहा तासांनी ओहोटी, पुन्हा भरती, पुन्हा ओहोटी.

"पावणेनऊ."

"सव्वानऊ," तंबूमागून आजोबा म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नव्हतं. गाठ मारत होते.

आजीने पुन्हा मोजलं, या वेळी सावकाश. दर खेपेला सहा तासांवर दहा-बारा मिनिटं धरायची असतात. तिन्ही खेपांना ती सुटली होती.

"सव्वानऊ," ती फोनमध्ये म्हणाली. "माझं चुकलं."

 पलीकडून कागदावर पेन चालल्याचा आवाज तेवढा येत होता.